टी-शर्ट आधी ओला होऊ दे, मग बोलू

पत्र:

ताई, मी साताऱ्याची, वय ३९, बँकेत आहे, आठ महिन्यांपासून पळतेय आणि यंदा पहिल्यांदाच सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय. त्यासाठी पुण्याच्या एका मोठ्या दुकानातून २,२०० रुपयांचा ड्राय फिट टी-शर्ट आणि १,६०० ची स्पोर्ट्स ब्रा आणली. मागच्या रविवारी पावसात यवतेश्वरचा घाट चढून-उतरून १४ किलोमीटर केले, घरी येऊन अंगावर पाणी घेतलं आणि ओरडलेच. काखेत, ब्राच्या खालच्या पट्टीपाशी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला सालटी निघाली होती. दुकानात फोन केला तर म्हणाले, मॅडम कपडा टॉप क्वालिटी आहे, तुमची स्किन सेन्सिटिव्ह असेल. मिस्टर म्हणतात माझा जुना सुती टी-शर्ट घाल आणि पळ. ग्रुपमधली एक म्हणते कॉम्प्रेशन, म्हणजे अंगाला घट्ट बसणारे कपडे घे, स्पीड पण वाढतो. मला एक्सएल लागतं, ट्रायल रूममधे जास्त वेळ काढायची पण लाज वाटते. कुठला ब्रँड घेऊ सांग. की माझंच अंग पळण्याजोगं नाही? – स., सातारा

उत्तर:

स., तुझं शेवटचं वाक्य वाचून मला खूप वाईट वाटलं, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते. आठ महिने पळून, नोकरी सांभाळून, पावसात यवतेश्वर चढून उतरलेलं अंग आहे ते, त्याला पळण्याजोगं नाही कोण म्हणेल? जे सोललं गेलं ते कपड्यामुळे गेलं, आणि त्यात तुझी चूक एवढीच की तो कपडा तू कोरडा असताना पारखलास आणि ओला असताना वापरलास. हे सगळेच करतात. दुकानात एसी चालू असतो, आपण कोरडे असतो, आरशासमोर दोन मिनिटं उभं राहतो, आणि ठरवतो की मस्त आहे. पण तो कपडा तुला घालायचाय दोन-तीन तास, चढावर, घामात आणि वरून पावसात. ती परीक्षा दुकानात होतच नाही.

आधी जखमेचं बघू. तीन-चार दिवस पळू नकोस, चाललीस तरी चालेल. कोमट पाण्याने हलक्या हाताने धू, घासू नकोस, टिपून कोरडं कर, घरात सैल सुती कपडे घाल, आणि वरून साधी पेट्रोलियम जेली लाव. पू दिसला, लाली पसरत चालली किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. आणि हे नीट लक्षात ठेव, पावसाळ्यात याच जागांवर गजकर्ण पण होतं, गोल चट्टा, कडेला जास्त लाल आणि सारखी खाज. तसं काही दिसलं तर मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून तीन-चार औषधं एकत्र असलेली स्टेरॉइडवाली ट्यूब आणून लावू नकोस. दोन दिवस बरं वाटतं आणि मग ते असं पसरतं की महिनोन्‌महिने जात नाही. त्वचेच्या डॉक्टरलाच दाखव.

आता ब्रँड. मी ब्रँड सांगणार नाही, आणि टाळतेय म्हणून नाही. मी बरीच वर्षं इचलकरंजीच्या बाजूला कापड तपासायच्या लॅबमधे काम केलंय आणि त्याच काळात पळायला पण लागले, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. लॅबमधे एक तापवलेली प्लेट असते, ३५ डिग्रीला ठेवलेली, म्हणजे आपल्या कातडीच्या आसपास, तिच्यातून पाण्याची वाफ सोडतात आणि वर कापड पसरून बघतात की ते वाफ किती अडवतंय. दुसरं एक मशीन कापड गोल गोल घासत बसतं, हजारो वेळा, कधी गोळे येतात आणि कधी विरतं ते बघायला. तिसऱ्यात खोटा घाम बनवून रंग उतरतो का बघतात. ही सगळी मशीन्स खरं बोलतात, पण ती बोलतात कापडाच्या तुकड्याबद्दल. मी स्वतः असं कापड पास केलंय ज्याचे सगळे आकडे उत्तम होते, आणि त्याच कापडाचा शिवलेला टी-शर्ट घालून १० किलोमीटर गेले तर काखेत रक्त आलं, कारण शिवणाऱ्याने काखेत चार शिवणी एका ठिकाणी आणून त्यावर जाड ओव्हरलॉक, म्हणजे कडेभोवती दोरा गुंडाळणारी शिवण, मारला होता. तेव्हापासून मी कापड वेगळं आणि कपडा वेगळा बघते. तुझ्या दुकानदाराने सांगितलेली टॉप क्वालिटी खरी असेलही, पण ती कापडाची.

आणि ते ड्राय फिट. हे मुळात नायकीने आपल्या कापडाला दिलेलं नाव, आता ते आपल्याकडे कुठल्याही पॉलिएस्टरच्या टी-शर्टवर छापलेलं असतं, रस्त्यावरच्या दीडशेवाल्यावर पण आणि मॉलमधल्या दोन हजारवाल्यावर पण. आयएसआयसारखा तो काही शिक्का नाही, त्यामुळे तो शब्द वाचून काहीच कळत नाही. टी-शर्ट उलटा करून आतलं छोटं लेबल वाच, पॉलिएस्टर किती, नायलॉन किती, स्पॅन्डेक्स म्हणजे ताणणारा धागा किती, आणि मग पुढची परीक्षा घरी घे.

ती समजायला घामाचं गणित थोडं कळायला हवं. घाम नुसता येऊन अंग थंड होत नाही, तो वाळताना थंड होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण तोच घाम टपटप खाली गळला तर काहीच घेऊन जात नाही. साताऱ्यात पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली, वाळणार कुठे? म्हणून घाटात ढगात पळताना गार हवा असूनही आपण निथळतो. आता सूत बघ. कोरड्या दिसणाऱ्या १०० ग्रॅम सुती कापडात साध्या हवेतलंच ७-८ ग्रॅम पाणी असतं, पॉलिएस्टरमधे अर्धा ग्रॅम पण नसतं. सुताचा धागा पाणी पितो, फुगतो, जड होतो आणि धरून ठेवतो. पॉलिएस्टरचा धागा पीत नाही, पण धाग्यांच्या मधल्या बारीक फटींतून पाणी सरकत वर चढतं, निरांजनातल्या वातीत तूप चढतं तसं. चांगल्या स्पोर्ट्स कापडात या फटी मुद्दाम तशा केलेल्या असतात, काही धागे गोल न करता खोबणीचे करतात, त्यामुळे घाम कातडीपासून उचलला जाऊन बाहेरच्या बाजूला पसरतो, आणि पसरला की लवकर वाळतो. स्वस्त पॉलिएस्टरमधे फटीबिटी काही नाही, वरून नुसतं एक केमिकल मारलेलं असतं, ते आठ-दहा धुण्यात गेलं की तो टी-शर्ट म्हणजे प्लास्टिकची पिशवी.

म्हणून तुझ्या मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अकोला-नागपूरच्या कोरड्या उन्हात सकाळी चालायला जाणाऱ्याला सुती कपडा छान, तिथे हवा कोरडी, ओलं सूत हळूहळू वाळत अंग गार ठेवतं. योगासनांना, घरच्या व्यायामाला पण सुतीच चांगला. पण साताऱ्याच्या पावसात २१ किलोमीटर सुती टी-शर्ट घालून गेलीस तर तो भिजून दुपटीपेक्षा जड होईल, खाली ओढेल, पोटाला चिकटेल, आणि वर घाटमाथ्यावर वारा लागला की हुडहुडी भरेल.

आता घरच्या परीक्षा. तुझ्या घरी औषधाचा ड्रॉपर असेलच, मुलांच्या सिरपबरोबर येतो तो. एका वाटीवर टी-शर्टचा पाठीकडचा भाग आतली बाजू वर करून ताण, रबरबँड लाव, आणि बोटभर उंचीवरून पाण्याचा एकच थेंब टाक. थेंबावर खिडकीचा उजेड चमकताना दिसेल. तो चमकायचा कधी थांबतो ते सेकंद मोज. लॅबमधे पण हे असंच करतात, फक्त तिथे ड्रॉपरच्या जागी काचेची नळी असते. दोन-पाच सेकंदात चमक गेली तर कापड घाम उचलतंय. अर्धा मिनिट झालं तरी थेंब मोत्यासारखा बसून असेल तर ते कापड घाम अंगावरच ठेवणार. मग कापड उलटं करून बघ, बाहेरच्या बाजूला ओला डाग आतल्यापेक्षा मोठा दिसला तर फार छान, म्हणजे पाणी बाहेर जाऊन पसरलं. ही परीक्षा नव्या टी-शर्टवर कर आणि दहा वेळा धुतल्यावर परत कर. मी पैज लावून सांगते, तुला काही टी-शर्टांची उत्तरं बदललेली दिसतील.

दुसरी परीक्षा वजनाची. किचनमधला छोटा काटा घे, टी-शर्ट कोरडा तोल, बादलीत भिजव, हाताने घट्ट पिळ, परत तोल, मग घरातच दोरीवर टाक आणि दर अर्ध्या तासाने तोल, वहीत लिही. मिस्टरांचा सुती टी-शर्ट शेजारीच वाळत टाक, त्यांना काही समजावून सांगायची गरजच पडणार नाही, काटाच सांगेल. हाच काटा पळण्याच्या दिवशी पण वापरायचा, निघताना कपडे कोरडे तोलायचे, आल्यावर ओले. आणि स्वतःचं वजन पण, बिनकपड्याचं, आधी आणि नंतर. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं, मधे प्यायलीस ते त्यात धरायचं. पाऊस नसलेल्या दिवशी केलंस तर तुला कळेल की घाम किती आला आणि त्यातला किती कपड्यातच अडकून राहिला. हा आकडा तुझ्या अंगाचा आहे, कुठल्याच कंपनीच्या जाहिरातीत तो मिळणार नाही.

पण तुझी सालटी पाण्याने नाही निघाली, ती घासण्याने निघाली, आणि इथे मी जरा थांबून बोलते कारण याकडेच सगळे दुर्लक्ष करतात. ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त घासते. वाटतं की पाणी म्हणजे सरकेल, पण तसं होत नाही, ओलं कापड ओल्या कातडीला धरून ओढतं. त्यात घाम वाळत गेला की मीठ मागे राहतं, ते बारीक काचेच्या कागदासारखं काम करतं. १४ किलोमीटरमधे तू १५-१६ हजार पावलं टाकली असशील, म्हणजे प्रत्येक हात सात-आठ हजार वेळा पुढेमागे गेला, आणि तेवढ्या वेळा ती शिवण त्याच जागी फिरली. लॅबमधलं घासायचं मशीन आणि तुझी काख यात फार फरक उरला नाही.

म्हणून टी-शर्ट उलटा करून काखेतली शिवण हाताने बघ. बोटाने नको, बोटं आपली भांडी घासून निबर झालेली असतात, मनगटाच्या आतल्या नाजूक बाजूने बघ, आणि मनगट आधी ओलं कर. फ्लॅटलॉक शिवण असेल तर ती दोन्ही बाजूंनी चपटी लागते, कापडाच्या दोन कडा एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. ओव्हरलॉक असेल तर दोरीसारखा उंचवटा लागतो. उंचवटा असला म्हणजे टी-शर्ट वाईट असं नाही, तो नेमका कुठे आहे ते बघायचं. खांद्यावर असेल तर चालतो, काखेच्या मधोमध चारही शिवणी येऊन भेटत असतील तर ठेवून दे. जुन्या पैरणीला काखेत एक चौकोनी तुकडा लावायचे बघ, हात वर केला तरी अंगरखा वर चढू नये म्हणून, तसाच तुकडा काही चांगल्या टी-शर्टांना असतो, त्याने शिवण काखेच्या मधून बाजूला जाते. लेबल कापून टाकतो आपण, पण ते ज्या पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने लावलेलं असतं त्याचं टोक राहतं आणि तेच टोचतं, ते पूर्ण उसवून काढ. आणि छातीवरचं मोठं रबर प्रिंट, दिसायला छान, पण तेवढ्या भागातून हवा-वाफ काहीच जात नाही आणि आतून ते चिकटतं.

आता ब्रा, कारण तुझी सगळ्यात खोल जखम तिथेच असणार. अमेरिकेत व्हरमाँटला १९७७ मधे तीन बायकांनी पहिली स्पोर्ट्स ब्रा बनवली, ती कशी माहितेय, पुरुष खेळाडू घालतात ते दोन सपोर्टर एकमेकांना जोडून शिवले. म्हणजे बायकांना पळताना हे लागतं हे कळायलाच १९७७ उजाडावं लागलं, तेव्हा तुला एका दुकानात नीट काही मिळालं नाही याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. इंग्लंडमधे पोर्ट्समथच्या विद्यापीठात यावर खूप वर्षं काम चाललंय आणि त्यांनी मोजून दाखवलंय की पळताना छाती फक्त वर-खाली हलत नाही, डावी-उजवी आणि पुढे-मागे पण हलते. चढावर हे कमी जाणवतं, उतारावर पाऊल आपटतं तेव्हा सगळ्यात जास्त. सातारा हिलमधे तर घाट चढून तोच घाट उतरायचाय, म्हणजे ब्राची खरी परीक्षा दमलेली असताना परतीच्या वाटेवर आहे.

ब्राचा आधार मुख्यतः खालच्या पट्टीतून येतो, खांद्याच्या पट्ट्यांतून नाही. पट्टीखाली दोन बोटं जेमतेम जायला हवीत. दोन्ही हात डोक्यावर ने, पट्टी वर सरकली तर ती सैल आहे, आणि सैल पट्टीच सरकून सरकून घासते. पण घट्ट म्हणजे चांगली असं पण नाही, खोल श्वास घे, पोटभर, तो अर्ध्यात अडला तर चढावर काय होईल विचार कर. माझा अंदाज असा आहे की तुझी पट्टी सैल असावी, कारण दुकानात आपण आरामाचं माप घेतो. कोरडं असताना सैल पट्टी कळत नाही, भिजली की कळते. आणि तुझ्या जखमेची जागा नीट बघ, पूर्ण पट्टीभर सोललंय की फक्त पाठीमागे हुकच्या जागी किंवा बाजूच्या शिवणीवर. पूर्ण पट्टीभर असेल तर माप चुकलंय, एकाच ठिकाणी असेल तर तिथली शिवण वाईट आहे. कातडीवर नकाशाच उमटलाय म्हण ना, तो वाचायचा.

ट्रायल रूममधे लाज वाटते म्हणालीस. स., तिथे तुला हक्काने दहा मिनिटं घ्यायची आहेत. दोन हजार रुपये देणार आहेस तू. जागेवर तीस सेकंद उड्या मार, हात गोल फिरव, उकिडवी बस, बुटाची नाडी बांधल्यासारखी वाक, पळतेस तसे हात हलव आणि मग बघ काय वर चढलं, काय खाली आलं, कुठे ओढ बसली. पँट असेल तर उकिडवं बसून आरशात मागून बघ, कापड ताणल्यावर आरपार दिसतं का. एक्सएल हे फक्त एका कंपनीच्या तक्त्यातलं अक्षर आहे, दुसऱ्या कंपनीत तेच एल असतं आणि तिसऱ्यात डबल एक्सएल. आपल्याकडे तर वर्षानुवर्षं बाहेरच्या देशांचे तक्तेच वापरत आलेत, भारतीय अंगाची मापं घ्यायचं काम निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने आत्ता आत्ता मोठ्या प्रमाणावर हातात घेतलंय, २५ हजारांवर लोकांची मापं स्कॅनरने घेऊन. तेव्हा मोजपट्टीने छातीखालचा घेर, छातीचा घेर, कंबर आणि मांडीचा सगळ्यात जाड भाग घरी मोजून मोबाइलमधे लिहून ठेव आणि अक्षर न बघता इंच बघून घे.

मांड्यांसाठी तुझ्या मैत्रिणीने सांगितलेलं कॉम्प्रेशन घे, पण वेगळ्या कारणासाठी. स्पीड वाढतो म्हणून नको, पळण्यात तसं काही पक्कं सिद्ध झालेलं नाही. कपड्याने खरोखर वेळ कमी होतो असं झालंय, पण ते पाण्यात, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला स्पीडो कंपनीचे ते अंगाला चापून बसणारे पोहायचे सूट आले आणि पुढच्या वर्षी रोमच्या स्पर्धेत अशाच सूटांमधे ४३ विश्वविक्रम झाले, शेवटी १ जानेवारी २०१० पासून ते बंदच करावे लागले. जमिनीवर घाट चढताना तसा कुठला सूट नाही. मांडीवर घट्ट बसणाऱ्या टाइट्सचा खरा फायदा हा की मांडीला मांडी न घासता कापडाला कापड घासतं. आपल्या नऊवारीच्या काष्ट्यात पण तेच होतं, नवऱ्याच्या उपचाराच्या पैशांसाठी बारामतीच्या शर्यतीत उतरलेल्या लता करे नऊवारी नेसून पळाल्या आणि जिंकल्या, मधे कापड होतं म्हणून मांड्या वाचल्या असणार असं मला नेहमी वाटतं. टाइट्स घेताना लांबी अशी बघ की खालची कड मांड्या जिथे घासतात त्याच्या बरंच खाली संपेल, आणि ती कड चालताना गुंडाळत वर येत नाही ना. वर येणारी टाइट्स म्हणजे मांडीला नवी दोरी बांधल्यासारखं.

आता सगळं नवं एकदम घालून पळू नकोस, मग काय चुकलं कळणारच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि एक युक्ती सांगते, ही मी स्वतः खूप वापरलीये, अंगाची डावी बाजू आणि उजवी बाजू वेगळी ठेवायची. डाव्या काखेला पेट्रोलियम जेली, उजव्या काखेला खोबरेल. डाव्या पायात सुती मोजा, उजव्या पायात नायलॉनचा. तोच रस्ता, तोच पाऊस, तोच वेग, फरक फक्त त्या एकाच गोष्टीचा. घरी आल्यावर दोन्ही बाजू बघ, वहीत लिही. आठवणीवर सोडू नकोस, दमल्यावर आठवण खोटं बोलते, शेवटचा एक किलोमीटर चांगला गेला तर सगळंच चांगलं वाटतं. ५, १० आणि १४ किलोमीटरला थांबून मोबाइलमधे दोन शब्द बोलून ठेव, चिकटतंय, टोचतंय, थंडी वाजतेय, काहीच नाही. काहीच नाही हे सगळ्यात भारी उत्तर, चांगला कपडा तोच ज्याची तासाभराने आठवणच येत नाही.

रेनकोट, विंडचीटर विचारलं नाहीस पण विचारशील म्हणून सांगते, पळताना घालू नकोस. महागडी वाफ बाहेर सोडणारी जॅकेटं असतात, पण आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या ओलाव्याचा फरक असेल तरच वाफ बाहेर जाते, यवतेश्वरच्या ढगात बाहेरच ओलावा भरलेला असतो, तेव्हा तू आतून भिजशीलच.

धुण्याचं थोडक्यात. कम्फर्टबिम्फर्ट कंडिशनर या कपड्यांना अजिबात नको, त्याचा थर बसतो आणि ज्या फटींतून घाम चढतो त्याच भरून जातात. मऊ लागतं पण काम बंद पडतं. आल्या आल्या साध्या पाण्यातून काढ म्हणजे मीठ जाईल, बॅगेत किंवा मशीनमधे संध्याकाळपर्यंत कोंबून ठेवू नकोस, पॉलिएस्टरमधे वास सुतापेक्षा जास्त धरतो. उलटे करून सावलीत वाळव. ब्राचं इलॅस्टिक ताणून सोडल्यावर परत जागेवर येत नसेल तर ती ब्रा पळण्यासाठी संपली, कितीही नवी दिसत असली तरी.

पैशाचं. तुझा २,२०० चा टी-शर्ट फेकू नकोस, आधी ड्रॉपरची परीक्षा कर आणि काखेची शिवण बघ. कापड चांगलं आणि शिवण वाईट निघाली तर चांगल्या शिंप्याकडे बाह्या काढून टाक, स्लीव्हलेस कर, कड चपटी दुमडून घे, मी माझे दोन टी-शर्ट असेच वाचवलेत. आणि नवा घ्यायचा झाला तर ४००-५०० च्या टी-शर्टला पण तीच परीक्षा लाव, तिरुपूरचा बिननावाचा माल कधी कधी इतका चांगला निघतो की थक्क व्हायला होतं. पैसे घालायचे तर ब्रात घाल, टी-शर्टात वाचव.

रेसच्या आदल्या दिवशी बिब, म्हणजे टी-शर्टवर लावायच्या नंबरच्या कागदाबरोबर इव्हेंटचा टी-शर्ट मिळेल, नवा कोरा, आणि सगळे तोच घालून येतील, तुला पण मोह होईल. तो घालू नकोस. रेसच्या दिवशी फक्त तेच घाल जे किमान तीन वेळा धुतलंय आणि ज्यात पावसात एकदा तरी १६-१७ किलोमीटर केलेत. बिबच्या चार पिना आदल्या रात्रीच लाव, अंगावर टी-शर्ट घालून, छातीच्या खाली पोटापाशी, आणि आतून हात फिरवून बघ पिनेचं टोक किंवा गाठ ब्राच्या पट्टीवर येत नाही ना. निघायच्या आधी काख, पट्टी, मांड्या सगळीकडे जेली भरपूर.

आणि एक पिशवी भरून मिस्टरांकडे दे, त्यांना फिनिशपाशी उभं राहायला सांग. त्यात टॉवेल, अंगावरून घालून आत कपडे बदलता येतील असा एक सैल गाऊन, कोरडी साधी ब्रा, सैल पायजमा. पळणं थांबलं की अंगातली गरमी पाच मिनिटांत उतरते आणि ओल्या कपड्यांत दात वाजायला लागतात, म्हणून मेडल घालून फोटो काढला की लगेच बदल. आणि त्या पिशवीत त्यांचा तो जुना सुती टी-शर्ट ठेव, मऊ झालेला, सैल. तेव्हा तोच घाल.